खाट घरची की सॅनेटोरियमची?

राजयक्ष्मा, क्षय, टीबी ही तिन्ही नावे एकाच रोगाची. माणूस झिजत जातो म्हणून क्षय. तुमच्या पणजी-पणजोबांच्या काळी हे नाव घेताना लोक आवाज खाली आणीत. खोकला हटेना, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले आणि थुंकीत रक्त दिसले की सारे घर हादरून जाई. रोग्याचे ताट वेगळे होई, अंथरूण वेगळे होई. ऐपत असेल तर त्याला दूर मोकळ्या हवेतल्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात, पाठवीत. आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी त्यासाठी प्रसिद्ध होती. ऐपत नसेल तर रोगी घरीच पडून राही आणि घरचे लोक दिवस मोजीत.

आज क्षयाचा रोगी बहुधा घरी राहूनच औषध घेतो आणि बरा होतो. कित्येक जण काही आठवड्यांत आपल्या कामावरही जाऊ लागतात. हे आपल्याला आता साधे वाटते. पण घरी राहून क्षय बरा होतो, हे कोणी आणि कसे ठरवले? त्याचे उत्तर १९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, सुरू झालेल्या एका प्रयोगात आहे. त्या प्रयोगाने जगभरच्या डॉक्टरांचे मत बदलले. तो कसा केला, ते आपण या लेखात क्रमाने समजावून घेऊ.

सावकाश वाढणारा शत्रू

क्षय हा जंतूंमुळे होणारा रोग आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला किंवा शिंकला की जंतू हवेत उडतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत शिरतात.

परंतु जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असे नाही. संसर्ग झालेल्या शंभर लोकांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू दडपलेल्या अवस्थेत राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती खालावली, उदाहरणार्थ उपासमार, मधुमेह किंवा एचआयव्हीचा संसर्ग यांमुळे, की तो डोके वर काढतो.

या जंतूची आणखी एक खोड आहे. आपल्या आतड्यात राहणारे काही जंतू अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. तो सावकाश वाढतो आणि सावकाशच मरतो. म्हणून क्षयाचे औषध चार दिवस घेऊन भागत नाही. कित्येक महिने घ्यावे लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते.

हवा, अन्न आणि विश्रांती

औषधे नव्हती त्या काळी डॉक्टरांच्या हाती तीनच उपाय होते : मोकळी हवा, चांगले अन्न आणि पूर्ण विश्रांती. ती एकाच ठिकाणी मिळावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपात सॅनेटोरियमे निघाली आणि पुढे ती आपल्याकडेही आली. मद्रासजवळ तांबरम येथे १९२८ साली असेच एक सॅनेटोरियम सुरू झाले. तेथे दूध-अंडी मिळत, परिचारिका देखरेख करीत, रोग्याने खाटेवर पडून राहायचे, एवढाच त्याचा दिनक्रम असे. काही रोगी बरे होत, पुष्कळ होत नसत. मात्र रोगी गावापासून दूर असल्याने घरच्यांना लागण होत नाही, असा सर्वांचा समज होता.

पुढे औषधे आली. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. त्यानंतर पास या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे औषध आले आणि १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले. ही गोळी स्वस्त होती आणि ती तोंडाने घेता येत असे.

पण एकच औषध दिले तर एक अडचण येई. आधी रोगी सुधारे आणि काही महिन्यांनी पुन्हा खंगू लागे. असे का होई, ते पाहा. समजा, रोग्याच्या फुप्फुसात दहा कोटी जंतू आहेत आणि दर दहा लाखांमागे एक जंतू ‘अ’ या औषधाला दाद देत नाही. ‘अ’ दिल्यावर बाकीचे मरतील, पण असे शंभर जंतू उरतील आणि तेच वाढून पुन्हा फुप्फुस व्यापतील. आता ‘अ’च्या जोडीला ‘ब’ दिले. ‘ब’लाही दहा लाखांत एकच दाद देत नाही असे धरू. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटींत एखादा सापडेल. रोग्याच्या शरीरात तर दहा कोटीच आहेत! म्हणून क्षयावर नेहमी एकाहून अधिक औषधे एकत्र द्यावी लागतात.

हिशेब जुळेना

औषधे मिळाली, तरी ती घ्यायची कोठे? डॉक्टरांचे उत्तर ठरलेले होते : सॅनेटोरियममध्ये. सधन देशांत तशा खाटा होत्या. भारतात काय स्थिती होती? १९५५ ते १९५८ या काळात देशभर क्षयाची पाहणी झाली. हा शहरी गिरण्यांतला रोग, अशी समजूत होती. पाहणीत दिसले की खेड्यांतही तो तितकाच पसरलेला आहे. थुंकीत जंतू आढळतील, म्हणजे जे इतरांना लागण देऊ शकतील, असे रुग्णच पंधरा लाखांच्या घरात असावेत, असा अंदाज निघाला. खाटा मात्र हजारांत मोजाव्या इतक्याच होत्या.

तुम्हीच गणित करा. समजा, तीस हजार खाटा आहेत आणि प्रत्येक रोगी वर्षभर खाटेवर राहतो. पंधरा लाख रोग्यांची पाळी यायला पन्नास वर्षे लागतील. त्या पन्नास वर्षांत नवे रोगी होतील ते वेगळेच.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला : घरी ठेवून औषध दिले तर रोगी बरा होईल काय? पुष्कळ डॉक्टरांना हे धाडस वाटे. एका खोलीत सहा-सात माणसे, पोटाला पुरेसे अन्न नाही, विश्रांतीचे नाव नाही, अशा घरात क्षय कसा हटणार? शिवाय घरच्यांना लागण होईल ती वेगळीच. शंका रास्त होती. पण रास्त वाटणारी शंका खरी असतेच, असे नाही. ती प्रयोगाने पारखावी लागते. लंडन-न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत मिळालेले उत्तर मद्रासच्या चाळीला लागू पडेल, असेही गृहीत धरता येत नव्हते. प्रयोग येथेच करायला हवा होता.

चिठ्ठीने ठरलेले दोन गट

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद या चौघांनी मिळून १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र काढले. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख होते.

शहरातील गरीब वस्त्यांमधले, थुंकीत जंतू सापडलेले १९३ रुग्ण निवडण्यात आले. त्यांचे दोन गट पाडले. एक गट तांबरम आणि मद्रास येथील सॅनेटोरियमवजा रुग्णालयांत राहील, दुसरा आपापल्या घरी. दोन्ही गटांना औषधे तीच : आयसोनियाझिड आणि पास, रोज, वर्षभर. औषध कोणालाही नाकारले नाही. फरक ठेवला तो फक्त जागेचा.

आता महत्त्वाचा मुद्दा येतो. कोणता रुग्ण कोठे जाईल, हे कोणी ठरवायचे? रुग्णांवर सोपवले तर ज्यांच्या घरी दुसरा कमावता माणूस आहे ते सॅनेटोरियममध्ये जातील आणि अगदी गरीब मागे राहतील. डॉक्टरांवर सोपवले तर ते नकळत अत्यवस्थ रोग्यांना सॅनेटोरियममध्ये धाडतील. मग शेवटी जो फरक दिसेल तो जागेमुळे पडला की गरिबीमुळे, की रोगाच्या तीव्रतेमुळे, हे कसे कळणार?

म्हणून निवड दैवावर सोपवली. नाणे उडवावे किंवा चिठ्ठी काढावी, त्या तत्त्वाने प्रत्येकाचा गट ठरला. त्यामुळे म्हातारे-तरुण, फार आजारी-थोडे आजारी, फार गरीब-थोडे गरीब असे सर्व प्रकारचे लोक दोन्हीकडे जवळजवळ सारखे वाटले जातात. याला यादृच्छिक विभागणी म्हणतात. ब्रिटनमध्ये हीच पद्धत वापरून स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा झाली होती. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ जण सहा महिन्यांत दगावले होते, तर नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. मद्रासच्या प्रयोगाने ही पद्धत गरीब देशाच्या प्रश्नाला लावली.

वर्षानंतर काय दिसले?

सॅनेटोरियमवाल्यांची परिस्थिती सर्व बाजूंनी चांगली होती. त्यांना अन्न भरपूर मिळाले, विश्रांती मिळाली, परिचारिकेच्या देखरेखीखाली औषध मिळाले. घरचे रुग्ण मात्र अपुऱ्या अन्नावर आणि दाटीवाटीत राहिले. पुष्कळांना हातपाय हलवल्यावाचून गत्यंतर नव्हते. वजन दोन्ही गटांचे वाढले, पण सॅनेटोरियममधल्यांचे बरेच जास्त वाढले.

आणि रोग? काही कारणांनी तुलनेत धरता न आलेले रुग्ण वगळून प्रत्येक गटात सुमारे ऐंशी जण उरले. वर्ष संपले तेव्हा सॅनेटोरियममधील ९२ टक्के रुग्णांचा रोग शमला होता आणि त्यांच्या थुंकीत जंतू सापडत नव्हते. घरच्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते.

तुम्ही म्हणाल, सहा टक्क्यांचा फरक आहे की! पण सुमारे ऐंशी जणांच्या गटात सहा टक्के म्हणजे चार-पाच माणसे. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पुढे पाच वर्षे या रुग्णांवर लक्ष ठेवले. रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत कमी आणि जवळपास सारखेच निघाले.

घरच्यांना लागण होईल, या भीतीचे काय झाले? रुग्णांच्या कुटुंबीयांचीही पाच वर्षे तपासणी होत राहिली. रुग्ण घरी राहिला त्या कुटुंबांत क्षय अधिक झाला नाही. याचे कारण सरळ आहे. रोग ओळखला जाण्यापूर्वीच रोगी कित्येक आठवडे, महिने घरात खोकत असतो. घरच्यांना संसर्ग व्हायचा तो बहुतेक तेव्हाच होऊन जातो. औषध लागू पडू लागले की लागण देण्याची त्याची शक्ती झपाट्याने कमी होते. त्यानंतर त्याला दूर पाठवण्याने फारसे काही साधत नाही. धोका असतो तो औषध न घेणाऱ्या रोग्यापासून.

१९५९ साली हे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यानंतर हळूहळू जगभर सॅनेटोरियमे ओस पडू लागली. गरीब देशात केलेल्या प्रयोगाचा धडा श्रीमंत देशांनीही गिरवला. खाट मिळत नाही म्हणून उपचार नाहीत, असे म्हणण्याची गरज उरली नाही.

गोळी पोटात जाते का?

मात्र घरच्या उपचारात एक मोठी अडचण होती. घरी गोळ्या दिल्या, पण रोगी त्या घेतो कशावरून? पहिले दोन महिने औषध घेतले की खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. रोग्याला वाटते, आपण बरे झालो. पास हे औषध तर पुष्कळ मोठ्या मात्रेत घ्यावे लागे आणि त्याने पोट बिघडे. मग गोळ्या फडताळात राहत. इकडे उरलेले जंतू पुन्हा वाढू लागत.

केंद्रातील लोक यावर नजर ठेवीत. न कळवता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत. औषधाचा अंश लघवीतून बाहेर पडतो, म्हणून लघवीची तपासणीही करीत. पुढे त्यांनी आणखी एक वाट शोधली. आठवड्यातून दोनच वेळा, पण कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर औषध दिले तर? १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेही यशस्वी होते असे दिसले. देखरेखीखाली औषध देण्याची जी ‘डॉट्स’ पद्धत पुढे जगभर गेली आणि १९९७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आली, तिचे एक मूळ येथे आहे. दरम्यान रिफाम्पिसिनसारखी प्रभावी औषधे आली आणि नेहमीच्या क्षयाचा उपचार वर्षावरून सहा महिन्यांवर आला. आता आपल्याकडे औषध पुन्हा रोज देतात.

मग अन्नाचे काय?

मद्रासचा निकाल वाचून काहींनी भलताच अर्थ काढला : म्हणजे अन्नाला महत्त्व नाही तर! प्रयोगाचा निष्कर्ष वाचताना येथेच सावध राहावे लागते. एखादा प्रयोग ज्या प्रश्नासाठी केला, त्याच प्रश्नाचे उत्तर तो देतो. मद्रासच्या प्रयोगाने एवढेच सांगितले की, योग्य औषधे नेमाने घेतली तर बेताच्या अन्नावरही रोग्याच्या फुप्फुसातील जंतू मरतात. रोग मुळात कोणाला होतो, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न पुढे झारखंडमध्ये विचारला गेला. तेथील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात ‘रेशन्स’ नावाचा प्रयोग झाला. मद्रासच्या केंद्राचेच आजचे रूप असलेली राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था त्यात सहभागी होती. क्षयाच्या २,८०० रुग्णांना औषधांबरोबर शिधा दिला. त्यांच्या घरी मिळून १०,३४५ माणसे होती. यादृच्छिक विभागणीने ठरलेल्या निम्म्या भागांत या घरच्या माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या भागांत शिधा फक्त रुग्णालाच मिळाला.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होते. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन चांगले वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. तांदूळ आणि डाळ! यात कोणतेही नवे रसायन नाही. सॅनेटोरियमच्या जुन्या डॉक्टरांना अन्नाचे जे मोल वाटे, ते अगदीच खोटे नव्हते. भारत सरकार २०१८ पासून रुग्णांना उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसे देते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १,००० रुपये आहे.

अजून संपलेले नाही

एवढे असूनही २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोक क्षयाने आजारी पडले आणि सुमारे साडेबारा लाख दगावले. आजारी पडलेल्यांपैकी चतुर्थांशाहून थोडे अधिक भारतातले होते. औषधे अर्धवट सोडल्याने किंवा चुकीची घेतल्याने बळावलेले जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत. अशा क्षयाचा उपचार अधिक अवघड असतो.

तुमच्या घरात, शेजारी किंवा वर्गात कोणाला क्षय झाला तर चार गोष्टी विसरू नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला की सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. ती आणि औषधे दोन्ही तेथे विनामूल्य मिळतात. रोग्याने खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बरे वाटू लागले तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत एकही गोळी चुकवू नये. आणि त्याचे ताट वेगळे करू नये. क्षय हवेतून पसरतो, ताटावाटीतून नव्हे. औषध घेणाऱ्या रोग्याला वाळीत टाकण्याने कोणाचेही रक्षण होत नाही, हे मद्रासच्या त्या घरांनी सिद्ध केले आहे.

करून पाहा

वर्गातील चाळीस मुलामुलींची उंची मोजून लिहून घ्या. प्रथम पुढच्या बाकांवरचे वीस आणि मागच्या बाकांवरचे वीस असे गट करा आणि प्रत्येक गटाची सरासरी उंची काढा. उंच मुले मागे बसत असल्याने फरक ठळक दिसेल. आता सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून हलवा. पहिल्या वीस चिठ्ठ्या एका गटाच्या, उरलेल्या दुसऱ्या गटाच्या. पुन्हा सरासरी काढा. असे पाच वेळा करा आणि दर वेळचा फरक मांडून ठेवा.

मग या प्रश्नांची उत्तरे शोधा :

१. चिठ्ठ्यांनी पाडलेल्या गटांतही थोडा फरक का उरतो? चाळीसऐवजी चार मुले घेतली तर तो वाढेल की कमी होईल?

२. गावातील एक वैद्य म्हणतो, “माझा काढा घेणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचा खोकला गेला.” काढ्याचा गुण आला असे मानण्यापूर्वी तुम्ही त्याला कोणते प्रश्न विचाराल?

३. मद्रासच्या प्रयोगात घरच्या रुग्णांना एकच औषध आणि सॅनेटोरियममधील रुग्णांना दोन औषधे दिली असती, तर निष्कर्षाची किंमत काय राहिली असती?